सल्ला, मसलत आणि मंत्रणा

एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत. केंद्र सरकारला सल्ला देण्यासाठी २००४ साली स्थापन झालेल्या, आता अस्तित्वात नसलेल्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेला ‘मंत्रणा परिषद’ असे शुद्ध नाव का देऊ नये, आणि ‘सल्लागार परिषदेने माहिती अधिकाराचा कायदा केला’ हे वाक्य बरोबर आहे काय?

वाक्य चूक आहे, आणि ते इतक्यांदा कानावर पडते की आता संताप येतो. परिषद शिफारस करते, कायदा संसद करते. सल्लागाराच्या नावापुढे ‘केला’ हे क्रियापद शोभत नाही. ‘परिषद’ शब्दाचे नगर परिषद, पत्रकार परिषद वगैरे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून ते सोडून थेट ‘सल्ला’कडे वळतो.

‘सल्ला’ म्हणजे अरबी ‘सलाह’. त्याच्या मुळाशी स-ल-ह ही तीन व्यंजने आहेत आणि त्यांचा मूळ भाव नीट असणे, दुरुस्त होणे हा आहे. तह या अर्थाचा ‘सुलह’ आणि सुधारणा या अर्थाचा ‘इस्लाह’ हे त्याच कुळातले शब्द आहेत; बखरींतही ‘सला करणे’ म्हणजे तह करणे. आपली ‘मसलत’ ही तेथलीच ‘मस्लहत’ असल्यामुळे ‘सल्लामसलत’ या जोडशब्दात एकच धातू दोनदा नांदतो, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. माझे मत असे की सल्ला म्हणजे केवळ मत सांगणे नव्हे. बिघडलेले नीट करण्याची वाट दाखवणे हा त्याचा गाभा आहे.

या परिषदेचे काम त्या अर्थाला तंतोतंत उतरते. २००२ चा माहिती स्वातंत्र्य कायदा संमत होऊनही कधी अमलात आला नव्हता. परिषदेने ऑगस्ट २००४ मध्ये त्यातील उणिवा दाखवून दुरुस्त्या सुचवल्या आणि त्यांतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आकाराला आला. केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या मसुद्यावरही परिषदेने काम केले, आणि त्यामागे महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अनुभव होता. त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे आपल्या विधान परिषदेचे सभापती होते. अन्नसुरक्षेच्या प्रश्नावर तर दोन सल्लागार परिषदा समोरासमोर आल्या. राष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये ग्रामीण भागातील ९० टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येला धान्याचा हक्क द्यावा असे सुचवले, तर पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष सी. रंगराजन यांच्या समितीने कायदेशीर हक्क खऱ्या गरजूंपुरताच ठेवावा असे मत दिले. संसदेने २०१३ मध्ये ग्रामीण मर्यादा ७५ आणि शहरी ५० टक्के ठरवली. सल्ला आणि कायदा यांतले अंतर मोजायचे असेल, तर ते या ९० आणि ७५ मध्ये मोजता येते.

आता ‘मंत्रणा’. भाषाशुद्धीचे कैवारी हा शब्द केवळ संस्कृत आहे म्हणून पुढे करतात, त्याचा स्वभाव पाहत नाहीत, आणि हे मला मुळीच मान्य नाही. मंत्राचा, म्हणजे राजाच्या मसलतीचा, प्राण गुप्ततेत आहे. कौटिल्य सांगतो की मंत्रणेची जागा पक्ष्यांनाही दिसू नये, कारण पोपट आणि साळुंक्यांनी मंत्र फोडल्याचे ऐकिवात आहे. ‘षट्कर्णो भिद्यते मन्त्रः’ हे सुभाषितही तेच सांगते. सरकारी कागद नागरिकांना पाहता यावेत म्हणून जिने शिफारस केली, त्या परिषदेला झाकून ठेवण्याच्या अर्थाचा शब्द चिकटवणे हा अर्थाचा अनर्थ आहे. कौटिल्याचाच आधार हवा असेल, तर इंद्राच्या मंत्रिपरिषदेत हजार ऋषी होते आणि तेच त्याचे डोळे, म्हणून दोन डोळ्यांच्या इंद्राला सहस्राक्ष म्हणतात, हे त्याचे वचन घ्यावे. परिषद पाहते, पाऊल राजाने टाकायचे असते.

तेव्हा ‘सल्लागार परिषद’च म्हणावे, आणि वाक्य असे लिहावे: ‘परिषदेने शिफारस केली, संसदेने कायदा केला.’