सुटे भाग मागवून घरीच ऑटोमॅटिक घड्याळ जुळवता येतं का? सुरुवात कशापासून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही धुळ्याला पॉलिटेक्निकला आहात. व्हिडिओत लोक केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच), डायल, काटे वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवून स्वतःच्या मनासारखं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, घड्याळ तयार करताना दिसतात. ते घरी, दहा हजारांत जमेल का आणि आधी काय शिकायला हवं?

जमेल. पण दहा हजारांत नाही, आणि पहिल्या फटक्यात तर नाहीच नाही.

माझं पारोळ्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी, तांब्याची तार आणि वॉर्निशचा वास. रात्री जेवणं झाली की घड्याळं. सहा वर्षांत नऊ जुळवली, त्यातली सहा हातात घालण्यासारखी आहेत. उरलेल्या तिघांची कथा पुढे येईलच.

आधी एक शब्द दुरुस्त करतो. आपण घड्याळ ‘बनवत’ नाही, जुळवतो. आतलं मशीन कारखान्यातून तयार येतं. आपण केस निवडतो, डायल बसवतो, काटे दाबतो, चावीची दांडी मापात कापतो आणि झाकण लावतो. मशीन उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा चालतं करणं हे खऱ्या घड्याळजीचं काम. ते मला आजही येत नाही. हा फरक डोक्यात ठेवला की पुढे फुशारकीही होत नाही आणि निराशाही.

मशीन कोणतं घ्यावं यावर फार रात्री जाळू नका. एनएच ३५ घ्या. जपानच्या सिको समूहाचंच मशीन आहे आणि जगभरचे छोटे ब्रँड तेच वापरतात. २४ ज्वेल (चाकांची झीज कमी करणारे बारीक खडे), ताशी २१,६०० ठोके, पूर्ण चावी भरली तर सुमारे ४१ तास चालतं. हाताने चावी देता येते आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबतो. हा छंद वाढला तो मुख्यतः सिकोच्या एसकेएक्स ००७ या डायव्हर (पाणबुड्यांच्या धर्तीच्या) घड्याळामुळे. ते १९९६ च्या सुमारास आलं, २०१९ मध्ये बंद झालं. त्याचे भाग सहज बदलता येत, म्हणून त्याच मापाचे सुटे भाग बनवणाऱ्यांचा बाजार उभा राहिला. त्याच्या मूळ मशीनला हाताने चावी देता येत नव्हती, म्हणून लोक आत एनएच जातीचं मशीन बसवू लागले. आज तुम्हाला जी दोनशे प्रकारची डायलं दिसतात ती बहुतेक याच कुळातली. एनएच ३५ साठी डायल २८.५ मिलिमीटरचं लागतं.

आता खरी गोष्ट. या सगळ्या कामात अवघड एकच आहे: काटे. बाकी सगळं माप आणि सबुरी.

एनएच ३५ ला तास काट्याचं भोक १.५० मिलिमीटर, मिनिट काट्याचं ०.९० आणि सेकंद काट्याचं ०.२०. शून्य पूर्णांक वीस! मी ज्या तारेने मोटर भरतो तीसुद्धा याहून जाड असते. त्या सेकंद काट्याच्या खाली एक बारीक नळी असते आणि ती नळी तितक्याच बारीक खुंटीवर बरोबर उभी ठेवून दाबायची. जरा कलली की नळी चेपते. नळी चेपली की काटा गेला. माझा पहिला सेकंद काटा असा गेला. दुसरा चिमट्यातून उडाला. मी लगेच दुकानातलं चुंबक आणून फरशीवर फिरवलं आणि मग लक्षात आलं की काटा पितळेचा आहे, तो कशाला चिकटतोय! शेवटी लाइट बंद करून मोबाइलची बॅटरी फरशीवर आडवी ठेवली. आडव्या उजेडात कणाकणाची लांब सावली पडते. देव्हाऱ्याखाली सापडला, वाकलेला.

जळगावला एक म्हातारे घड्याळजी आहेत, त्यांनी हे बघून एवढंच विचारलं, “भो, घाई कसानी शे तुले?” मग त्यांनी आपलं टेबल दाखवलं. टेबलाच्या कडेला एक पांढरं फडकं खिळलेलं आणि त्याची दुसरी टोकं कमरेला बांधलेली. जे पडेल ते झोळीत. तेव्हापासून मी जुनं धोतर तसंच बांधतो. बायको हसते, हसू दे.

काटे बसवायचा क्रम असा. तारखेचं घड्याळ असेल तर चावीने वेळ पुढे नेत राहा आणि तारीख ज्या क्षणी उडी मारते तिथे थांबा. ते रात्रीचे बारा. तिथेच तास काटा बरोबर १२ वर बसवा, मग मिनिट काटा त्याच्यावर. आता वेळ हळूहळू पूर्ण बारा तास फिरवा आणि घड्याळ डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून बघा. काटे एकमेकांना किंवा डायलवरच्या उठावदार खुणांना घासतात का? घासत नसतील तरच सेकंद काटा. हा तपास टाळून झाकण लावलं की हमखास रात्री अडीचला घड्याळ बंद पडतं. त्या वेळी कोण बघतंय म्हणा, पण सकाळी कळतंच.

हे शिकायला नवं मशीन घेऊ नका. आग्रा रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत एखादा जुना घड्याळजी शोधा आणि त्याच्याकडून बंद पडलेलं एचएमटी मागा. त्यांचं ‘जनता’ मॉडेल मिळालं तर उत्तमच. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा सरकारी निर्णय झाला. मधल्या काळात घरटी एक घड्याळ विकलं गेलं असावं, म्हणून मोडकी अजून मिळतात. आत सतरा ज्वेलचं, चावीचं, ताशी १८,००० ठोक्यांचं दणकट मशीन असतं. त्याचे काटे काढा, घाला, काढा, घाला. वीस वेळा. बिघडलं तरी जीव तुटत नाही.

आता आपल्या भागातली अडचण, जी व्हिडिओत कोणी सांगत नाही: कापूस. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की आमच्या गावात हवेतच सरकी-कापसाचे तंतू तरंगतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण काचेखाली गेले की सूर्य मावळेपर्यंत तेच दिसतात. तीन नापास घड्याळांपैकी एकात असा तंतू आहे, बरोबर १० च्या खुणेपाशी. मी ते चार वेळा उघडलं, चारही वेळा एक निघाला आणि दुसरा बसला. उपाय: पंखा बंद, अंगात लोकरीचं काही नाही, बोटांना रबरी टोप्या, शेजारी एक उपडा काचेचा पेला. उठायचं असेल तेव्हा डायल त्या पेल्याखाली. मेमध्ये पंखा बंद करून बसणं ही शिक्षाच आहे, घामाचा थेंब डायलवर पडला की डाग राहतो. म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे चारला बसतो.

दुसरं नापास घड्याळ तारखेचं. केसची चावी ३ वर असते किंवा एसकेएक्ससारखी ४ च्या जवळ. त्या दोन प्रकारांत तारखेच्या चकतीवरचे आकडे वेगळ्या कोनात छापलेले असतात. मी ३ वाल्या चावीचं मशीन ४ वाल्या केसमध्ये घातलं. खिडकीत तारीख अर्धी कापलेली आणि तिरपी. डायलच्या मागचे पायही त्या त्या जागेप्रमाणे बघून घ्यावे लागतात. म्हणून माझं मत विचाराल तर पहिलं घड्याळ तारखेशिवायचं करा. त्यासाठी एनएच ३८ मिळतं.

तिसरं माझ्या घाईनं गेलं. चावीची दांडी मी एकाच झटक्यात आखूड कापली. कापलेली दांडी परत वाढत नाही. लांब ठेवा, कानशीने थोडी थोडी घासा, प्रत्येक वेळी घालून बघा. दांडी नवी मिळते, पण मी ती उपटताना मशीनच्या आतली तरफ सटकवून बसलो. ते मशीन अजून डबीत पडलंय.

एक घड्याळ अचानक दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुढे पळायला लागलं. घाबरू नका, हे बहुधा चुंबकाचं काम असतं. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे ठोक्यांची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. मोबाइलच्या चुंबकी कव्हरजवळ, स्पीकरवर घड्याळ ठेवू नका. साध्या होकायंत्राजवळ नेलं आणि सुई हलली की रोग कळला. चुंबकत्व घालवणारा डीमॅग्नेटायझर स्वस्तात मिळतो. मी तो घेतला नाही, कॉइल वळणं हा तर आपला धंदाच! एसी कॉइलमधून घड्याळ हळूहळू लांब नेलं, झालं. तुम्ही मात्र विकतचाच घ्या, उघड्या मेनच्या वायरशी खेळू नका.

खर्च. मला गेल्या वेळी मशीन ३,८०० ला पडलं, काच-चावी-झाकणासह केस ४,२००, डायल १,३००, काटे ९००, पट्टा ५००. झाले १०,७००. हत्यारं वेगळी, साधारण अडीच हजार: दोन चिमटे, डोळ्याचं भिंग, काटे दाबायचं आणि काढायचं हत्यार, मशीन धरायचा साचा, झाकण उघडायचा पाना. हत्यारं एकदाच लागतात. चिमट्यावर कंजूषी करू नका, टोकं जुळली नाहीत तर काटे देव्हाऱ्याखालीच सापडतील. याच मशीनची तयार घड्याळं याहून स्वस्तात येतात, तेव्हा पैसे वाचवायला कोणी यात पडत नाही.

घड्याळ चालू झालं की ते दिवसाला किती पुढे-मागे जातं ते बघा. ठोके ऐकून मोजणारी मोबाइल ॲप आहेत. या मशीनची कारखान्याची हमीच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद अशी सैल आहे, त्यामुळे १५ सेकंद पुढे गेलं म्हणून कपाळाला हात लावू नका. आतली छोटी तरफ किंचित सरकवून ते कमी होतं, पण तेही पहिल्या महिन्यात नको. आणि पाणी शिरत नाही म्हणून झाकणावर काहीही कोरलेलं असो, दाबाखाली तपासून घेतल्याशिवाय ते तापीत घेऊन उतरू नका.

शेवटचं, विकायचा विचार असेल तर. दुसऱ्या कंपनीचं नाव छापलेलं डायल घालून विकलं की तो छंद राहत नाही, ती नक्कल होते. जुन्या एचएमटीतही हाच धंदा चालतो. कारखान्यात कधी न निघालेल्या भडक रंगाचं डायल मोडक्या मशीनवर चढवतात आणि ‘ओरिजिनल, न वापरलेलं’ म्हणून विकतात. तुम्ही सरावासाठी एचएमटी घ्याल तेव्हा शंभर-दोनशे जास्त देऊन असलं चकचकीत घेऊ नका. मळकं, काच तडकलेलं, काटे जागेवर असलेलं बघा. आतल्या मशीनवर ‘एचएमटी’ आणि सतरा ज्वेल कोरलेलं आहे ना, ते दुकानातच झाकण उघडून पाहून घ्या.