इटलीतली रेल्वे तिकिटं भारतातून आधी काढावीत की तिथे जाऊन?

रोम–फ्लॉरेन्स–व्हेनिस म्हणजे जलद गाड्यांचा मार्ग, त्यामुळे इथूनच काढा. सरकारी त्रेनितालिया आणि खासगी इतालो अशा दोन कंपन्या आहेत, दोघींच्याही साइट इंग्रजीत चालतात. विमानासारखंच आहे, उशीर केलात की भाडं चढतं. मात्र सर्वांत स्वस्त भाड्यात परताव्याची आशा सोडा, म्हणून तारखा नक्की झाल्यावरच पैसे भरा.

साध्या रिजनल गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, त्यांची घाई नको. स्टेशनवर काढलेलं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, आणि ऑनलाइन काढलंत तर मोबाइलवर चेक-इन करायचं. विसरलात तर दंड!

नावांकडे नीट बघा. साइटवर फ्लॉरेन्स 'फिरेन्झे' म्हणून दिसतं, मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. व्हेनिसची दोन: मेस्त्रे खाडीच्या अलीकडे, सांता लुचिया थेट कालव्याच्या काठावर. आम्ही 'व्हेनेझिया' एवढंच वाचून मेस्त्रेला उतरलो आणि चार बॅगा घेऊन पुढच्या लोकलची वाट बघत बसलो. सौ. अजून ऐकवते.

पेमेंट अडकलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. वर बँक परकीय चलनाचा आकार लावते, तोही धरा.