जालन्यात आमच्या शेडमध्ये पत्र्यावरची खपली काढायला ॲसिडची टाकी आहे. त्यात कडुनिंबाचा अर्क घातला तर ॲसिड लोखंड खायचं थांबेल का?

थांबणार नाही, पण खाण्याचा वेग चांगलाच कमी होईल. पाल्यातले टॅनिन, फ्लेव्होनॉइड असे घटक लोखंडाला चिकटून पातळ थर धरतात, त्यामुळे ॲसिडला उघडा पृष्ठभाग कमी सापडतो. एम.एस्सी.ला आम्ही हेच करून पाहिलं: हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन ग्लास, दोन्हींत सारखे खिळे, एकातच अर्क. साध्या ग्लासात बुडबुड्यांची नुसती झुंबड, दुसऱ्यात तुरळक. खिळे धुऊन, वाळवून तोलले की फरक आकड्यांत दिसतो. अडचण एकच, आणि तुमच्यासाठी तीच मोठी: ॲसिड तापलं की बऱ्याच अर्कांची पकड सुटते. तेव्हा आधी टाकीतलंच ॲसिड काचेच्या बरणीत घेऊन, त्याच तापमानाला पत्र्याचा तुकडा बुडवून बघा. हातमोजे, चष्मा घालूनच.