रशियन येत नसताना रशियातल्या कझानला वैद्यकीय शिक्षणासाठी जाताना कोणती तयारी करावी?

तुम्ही पुढच्या वर्षी जाणार आहात आणि स्वेटर किती, बूट कोणते, प्रेशर कुकर न्यावा का, हे सर्व तुम्ही सविस्तर विचारले आहे. भाषेविषयी मात्र 'शिक्षण इंग्रजीतून आहे, त्यामुळे अडचण येणार नाही' एवढे एकच वाक्य लिहिले आहे. हेच वाक्य माझ्या मामाने एका एजंटाकडून ऐकून आमच्या घरी आणले होते, म्हणून उत्तर लिहीत आहे.

व्याख्याने इंग्रजीतून होतात, हे खरे. परतल्यावर भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल तर शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच असावे, असा 2021 चा नियमही आहे. वॉर्डातल्या रुग्णाला मात्र हा नियम कोणी सांगितलेला नसतो.

नीटची दुसऱ्यांदा तयारी करत असताना मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळी रशियनच्या वर्गाला जात असे. लिपीची 33 अक्षरे पंधरवड्यात येतात. सहा विभक्त्यांची धास्ती शाळेत 'स-ला-ते' घोकलेल्यांनी बाळगू नये. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत, आणि रशियनमध्ये लागणारा 'चमचा'तला जो च माझ्या हिंदीभाषक मित्रांना पहिले वर्षभर जमला नाही, तो आपल्या तोंडात आयताच असतो. वर्गात आम्हाला लहान मुलांच्या गोष्टी वाचायला देत. माझ्या हातात अस्वलाच्या चित्राचे पुस्तक पाहून मामाने भर पाहुण्यांत विचारले, "डॉक्टर व्हायला निघाला आहेस की बालवाडीत?"

पुढे कझानला चौथ्या वर्षी आम्हा पाच जणांना सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंची तपासणी दिली होती. "श्तो वास बिस्पकोईत?", म्हणजे 'तुम्हाला काय त्रास होतो?', हा पाठ केलेला प्रश्न आम्ही बिनचूक विचारला. उत्तर मात्र पाठ्यपुस्तकातले आले नाही. बाई म्हणाल्या, "सेर्चे शालीत." सेर्चे म्हणजे हृदय, हे सर्वांना ठाऊक होते (त्यातला च चमच्याचाच), परंतु 'शालीत' कोणालाच लागेना, एकाने तर 'छातीत वेदना' असे लिहूनही टाकले. मला त्या गोष्टीतली अस्वलीण आठवली, जी पिल्लाला "नि शाली", म्हणजे 'खोड्या करू नकोस', असे दटावत असे. बाईंचे हृदय खोड्या करत होते: मध्येच धडधडत होते, मध्येच ठोका चुकवत होते. मी नाडी पाहिली, ती अनियमितच लागली. हा शब्द कुठे शिकलास, असे आमच्या शिक्षिकेने विचारले, तेव्हा मी अस्वलाचे नाव सांगितले. त्यानंतर त्या आजारी बाई आमच्यापैकी माझ्याशीच बोलत.

म्हणून जाण्यापूर्वी निदान सहा महिने रशियन शिका. मुख्य अभ्यासक्रमाआधी एक वर्ष भाषा शिकवणारा 'पोदफाक' घेणे परवडत असेल, तर अवश्य घ्या, आणि वर्ष वाया जाते असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांना नम्रपणे ऐकून घेऊन सोडून द्या.

कपड्यांचे म्हणाल, तर अंगालगत घालायचे थर्मल इथून न्या. जाड कोट आणि बर्फावर न घसरणारे बूट तिथेच घ्या, कारण इथे मिळणारे त्या थंडीसाठी केलेले नसतात. खोल्या गरम पाण्याच्या नळांनी इतक्या तापतात की आत स्वेटर नकोसा होतो. कुकर न्या, पण सपाट बुडाचा, कारण वसतिगृहात बहुधा विजेच्या शेगड्या असतात. रशियात शिरताना मिळणारे मायग्रेशन कार्ड हरवू नका, आणि पोहोचल्यापासून कामाच्या सात दिवसांत विद्यापीठाकडून तुमच्या मुक्कामाची नोंदणी झाल्याची खात्री करा. व्हिसा आणि मास्टरकार्डची इथली कार्डे मार्च 2022 पासून तिथे चालत नाहीत, तेव्हा पैशांची सोय आधी लावा.

एक मात्र कबूल केले पाहिजे. केवळ पुण्यातल्या त्या वर्गावर भागले नाही. तिथल्या लोकांच्या बोलण्याचा वेग कानाला झेपायला मला पहिला हिवाळा पूर्ण लागला. शिवाय त्या वर्गापायी माझे नीटचे गुण कमी झाले, असे मामा आजही म्हणतो आणि त्यात तथ्य असावे. परीक्षेच्या आधीचे दोन महिने मी वर्ग बंद ठेवायला हवा होता. तुम्ही तेवढे करा.