बिल्जचं काम पहिल्यांदाच हाती आलंय? आधी एवढं बघ

जहाजावर फोर्थ इंजिनिअर म्हणून बिल्जचा (इंजिनरूमच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्याचा) सेपरेटर, म्हणजे तेल-पाणी वेगळं करणारं यंत्र, तुझ्याकडे आलाय, तर घाबरू नकोस. मारपोल, म्हणजे जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखायचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या परिशिष्ट १ चा गाभा सोपा आहे: हे पाणी समुद्रात सोडताना जहाज प्रवासात हवं, पाणी सेपरेटरमधून गेलेलं हवं आणि त्यात तेल १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५ भाग) वर नको. अंटार्क्टिकमध्ये तर थेंबही सोडायचा नाही.

पहिल्या आठवड्यात टॉर्च घेऊन सॅम्पलची बारीक लाइन सेपरेटरच्या आउटलेटपासून तेलाचं प्रमाण मोजणाऱ्या मीटरपर्यंत स्वतः शोधून काढ. तिथेच गोड्या पाण्याचा फ्लशिंग व्हॉल्व्ह असतो. तो उघडा राहिला तर मीटर स्वच्छ पाणी मोजत बसतो आणि तेल समुद्रात जातं. मुद्दाम असं करणाऱ्या इंजिनिअरांना अमेरिकेत तुरुंगवास झालाय. कोणी सांगितलं तरी करू नकोस.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथे:

- बिल्जमध्ये भरमसाट डिटर्जंट ओततात. तेल-पाण्याचं दुधाळ मिश्रण होतं, मग सेपरेटरचं काही चालत नाही.
- अलार्म वाजला की मीटरला दोष देतात. आधी मीटरची काचेची नळी पूस. तरी वाजला, तर थ्री-वे व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत वळवतोय ना, ते बघ.
- ऑइल रेकॉर्ड बुक (तेलाच्या कामांची नोंदवही) ‘नंतर भरू’ म्हणतात. सुरुवातीची-शेवटची वेळ, पोझिशन आणि किती पाणी गेलं, लगेच लिही. नव्या मीटरमध्ये १८ महिन्यांच्या नोंदी असतात आणि इन्स्पेक्टर दोन्ही ताडून बघतात.

कॅलिब्रेशन वगैरे सध्या राहू दे. बिल्जची टाकी भरत आली तर सेकंड इंजिनिअरला वेळेत सांग, म्हणजे बंदरात पाणी उतरवायची सोय करता येईल.