‘१६०० एक्स’ वाचून मायक्रोस्कोप घेऊ नका: शाळा, द्राक्षबाग आणि लॅबसाठी काय चालतं

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो. तासगाव तालुक्यातल्या शाळेत तुम्ही आठवी-नववीला विज्ञान शिकवता. ऑनलाइन दोन-अडीच हजारांत ‘१६०० एक्स’ लिहिलेला यूएसबी मायक्रोस्कोप दिसला. त्यात पेशी दिसतील का, घरच्या द्राक्षबागेत तो चालेल का, आणि विट्याला पॅथॉलॉजी लॅब असलेल्या तुमच्या भावाला त्याचा काही उपयोग आहे का, हे तुम्ही विचारलंय. बागेसाठी जरूर घ्या. शाळेसाठी त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट लागेल. लॅबसाठी अजिबात घेऊ नका.

आधी त्या ‘१६०० एक्स’चं, म्हणजे १६०० पट मोठं दाखवण्याचं बघू. मायक्रोस्कोपखाली पानाचा २ मिलिमीटर रुंदीचा भाग आहे आणि तो लॅपटॉपच्या ३० सेंटिमीटर रुंद स्क्रीनभर दिसतोय, तर ते १५० पट झालं. तेच चित्र शाळेच्या १२० सेंटिमीटर रुंद टीव्हीवर लावलं की ६०० पट. पानावरचं एक रोमसुद्धा जास्त दिसलं नाही, आकडा मात्र चौपट झाला. खोक्यावरचे आकडे बहुतेक असेच फुगतात. मेगापिक्सेलचंही तसंच, सेन्सर छोटा असतो आणि उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

म्हणून विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: जास्तीत जास्त मोठं केल्यावर किती मिलिमीटर रुंदीचा भाग दिसतो, आणि एकमेकांना लागून असलेले किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. दुसऱ्याचं उत्तर भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करतं यावर ठरतं. त्या मोजमापाला न्यूमेरिकल अपर्चर म्हणतात आणि चांगल्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगावर, ते कोरलेलं असतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा, ती ०.६१ ने गुणा आणि अपर्चरने भागा, की ते अंतर मिळतं. तेलात बुडवायच्या १०० एक्स ऑब्जेक्टिव्हचं अपर्चर १.२५ असतं, म्हणजे पाव मायक्रॉनच्या आसपास. स्वस्त यूएसबीवाल्याचं ०.१ धरलं तर तीन मायक्रॉनच्या वर. अपर्चरच्या हजारपटीपुढे मोठं करून काही हाती लागत नाही, चित्र नुसतं धूसर होतं. त्या हिशेबाने तुमच्या यूएसबीची कामाची मर्यादा शंभर पटीच्या आसपास येते.

आता कशाचा आकार किती ते बघा. फुलकिडा साधारण १ मिलिमीटर, लाल कोळी अर्धा मिलिमीटर, कांद्याच्या पापुद्र्याची पेशी पाव मिलिमीटर लांब, गालाच्या आतली पेशी ५०-६० मायक्रॉन, तांबडी रक्तपेशी ७ मायक्रॉन, दह्यातले जिवाणू जेमतेम एक मायक्रॉन रुंद. पहिल्या तीन गोष्टी यूएसबीत छान दिसतात. गालाची पेशी रंगवून आणि खालून उजेड देऊन जेमतेम दिसते. रक्तपेशींचे नुसते ठिपके दिसतात आणि जिवाणूंचा विषयच नाही.

बागेत मात्र हे यंत्र खरंच कामाचं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ हवा, रात्रीचं दव आणि पानावर डाग, मग हा डाऊनी की भुरी, या द्राक्षाच्या दोन रोगांपैकी कोणता, यावर बांधावर वाद होतो. डाऊनी ही खरी बुरशी नाही, तिचा गट वेगळा. गंधकाने भुरी आटोक्यात येते, डाऊनीला गंधक चालत नाही. ओळख चुकली की फवारणी वाया जाते आणि मधल्या काळात रोग घडापर्यंत पोचतो. तेलकट डागाचं पान तोडा, ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर बांधून ठेवा आणि सकाळी पानाची खालची बाजू बघा. डाऊनी असेल तर काटकोनात फांद्या फुटलेल्या बारक्या पांढऱ्या झाडांची दाटी दिसते, टोकांना बीजाणूंचे ठिपके. भुरीत पानाच्या दोन्ही बाजूंना राखाडी जाळं आणि मण्यांच्या माळांसारखे उभे बीजाणू असतात. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही पांढरंच दिसतं. फोटो काढून कृषी सहायकांना पाठवा, औषध त्यांना विचारूनच ठरवा.

शाळेसाठी माझं मत: यूएसबी घ्या, पण आधी प्रयोगशाळेचं कपाट उघडा. बहुतेक जुन्या हायस्कुलांत १० एक्स आणि ४५ एक्स ऑब्जेक्टिव्हचा साधा मायक्रोस्कोप पडून असतो. भिंगांवर बुरशी आली नसेल तर पेशी बघायला तो तुमच्या ‘१६०० एक्स’पेक्षा कितीतरी सरस आहे. त्याच्या आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसणारा यूएसबी कॅमेरा मिळतो. नळीचा आतला व्यास २३.२ मिलिमीटर आहे का ते मोजून मगच मागवा. मग ऱ्हिओच्या पानाची पर्णरंध्रं सगळ्या वर्गाला एकदम टीव्हीवर दाखवता येतात. तरीही प्रत्येक मुलाला एकदा स्वतः आयपीसमधून बघू द्या, फोकस स्वतः फिरवू द्या आणि चित्र हाताने काढायला लावा. टीव्हीवर दिसलेलं मुलं पटकन विसरतात. बोटाने पेच फिरवून सापडलेली पेशी विसरत नाहीत, हे मी लॅबमध्ये फार जवळून पाहिलंय.

नुसता यूएसबीच वापरायचा असेल तर दोन अडचणी येतात. त्याचे एलईडी वरून उजेड टाकतात आणि स्लाइडला तो खालून हवा. टॉर्चवर बटर पेपर लावा आणि वर काचपट्टी ठेवा. दुसरी अडचण त्याच्या वाकणाऱ्या प्लॅस्टिक स्टँडची, पंखा लावला तरी चित्र हलतं. धातूचा, पेचाने वरखाली होणारा स्टँड असलेलंच मॉडेल घ्या. वायफायवालं नको, चित्र मागे पडतं.

मोजमाप शिकवायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघांची स्टीलची पट्टी भिंगाखाली ठेवून फोटो घ्या आणि तेवढ्यात किती पिक्सेल बसतात ते मोजा. भिंगाची उंची बदलली की पुन्हा मोजायचं. नववीच्या मुलांना हे गणित आवडतं.

सांगलीच्या मुलांसाठी आणखी एक प्रयोग सुचवतो, त्याला मात्र कपाटातलाच मायक्रोस्कोप लागतो. आपली हळद शिजवून वाळवतात, त्यामुळे तिच्यातला स्टार्च फुगून त्याचे पिवळे गोळे झालेले असतात. हळद पावडरीत कच्चं पीठ मिसळलं असेल तर त्याचे कण अखंड राहतात. चिमूटभर पावडर पाण्याच्या थेंबात घ्या. पोलरॉइड फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पारदर्शक फिल्म) घ्या. तिचा एक तुकडा स्लाइडखाली, दुसरा आयपीसवर, आणि पार्श्वभूमी काळी होईपर्यंत वरचा फिरवा. अखंड स्टार्चचा कण चमकतो आणि त्यावर काळी फुली दिसते. शिजलेला चमकत नाही. न शिजवता काप करून वाळवलेल्या हळदीतही अखंड कण असतात, आणि शिजवलेल्यातही एखादा चुकार कण राहू शकतो. म्हणून एवढ्यावरून कुठल्या दुकानदाराला भेसळीचा दोष देऊ नका. आधी गव्हाचं पीठ आणि घरची हळद अशा दोन स्लाइड शेजारी ठेवून मुलांना फरक दाखवा.

भावाच्या लॅबचं स्पष्ट सांगतो. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीच्या आत असतो, त्याला १०० एक्सचं तेलाचं ऑब्जेक्टिव्हच लागतं. ट्रायनॉक्युलर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला मायक्रोस्कोप असेल तर त्या नळीवर चांगला कॅमेरा जरूर बसवा. शंकास्पद स्मिअर (काचपट्टीवर पसरून रंगवलेलं रक्त) दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला आणि नोंद ठेवायला तो उत्तम. फक्त रोज स्लाइडच्या रिकाम्या जागेवर व्हाइट बॅलन्स करायला, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखून द्यायला सांगा, नाहीतर स्टेनचे रंग फसवे दिसतात. आणि रिपोर्ट आयपीसमधून बघूनच द्यायचा.

कपाटातल्या मायक्रोस्कोपच्या ऑब्जेक्टिव्हवर काय काय कोरलंय आणि नळीचा व्यास किती भरतो, ते इथे लिहा. फोटो टाकलात तर आणखी बरं. कॅमेरा कोणता बसेल ते मग नेमकं सांगता येईल. तोपर्यंत त्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात भिंगांचा खरा शत्रू दमट हवाच असते.