'मेथडिस्ट'ला 'पद्धतवादी' म्हणावं का?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडवरच्या मराठी लेखात 'मेथडिस्ट' (तिथल्या एका ख्रिस्ती चळवळीचे लोक) याऐवजी 'पद्धतवादी' लिहिलं तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. माझ्या मते चालणार नाही. 'वादी' म्हटलं की विशिष्ट मत मानणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हे नाव मतावरून पडलेलंच नाही. ते रोजच्या वागण्यावरून पडलं, तेही चिडवण्यासाठी.

१७२९च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स वेस्ली, त्याचा थोरला भाऊ जॉन आणि काही मित्र जमू लागले. ग्रीकमधला 'नवा करार' (बायबलचा दुसरा भाग) वाचायचा, बुधवारी-शुक्रवारी उपास करायचा, तुरुंगात कैद्यांना भेटायचं, सगळं ठरल्या वेळी. बाकीच्यांनी नावं ठेवली: 'होली क्लब', 'बायबल मॉथ्स' (बायबलला लागलेली कसर!) आणि 'मेथडिस्ट'. यातलं शेवटचं चिकटलं. प्राचीन रोममध्ये वैद्यांचा एक संप्रदाय याच नावाने ओळखला जाई; टवाळांनी नाव तिथून उचललं असावं, असं जॉनला वाटे. पुढे १७५३ साली त्याने स्वतःच एक छोटा इंग्रजी शब्दकोश काढला. त्यातली नोंद अशी: बायबलात घालून दिलेल्या पद्धतीने जगणारा, तो मेथडिस्ट. 'मानणारा' नाही, 'जगणारा'. टोमणाच उचलून त्याला असा अर्थ देणं मला फार मोठं वाटतं.

'पद्धतवादी'ने धर्मविचाराचाही विपर्यास होतो. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत, बायबलातल्या 'रोमकरांस पत्रा'ला जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना ऐकताना, जॉनला आपल्या तारणाचा (पापातून सुटकेचा) भरवसा आला. तारण ख्रिस्तावरच्या विश्वासाने, नेमधर्म पाळून नव्हे, हाच पुढे त्याच्या उपदेशाचा गाभा झाला. अशा माणसाला 'पद्धतवादी' म्हणणं म्हणजे नेमकं उलटं सांगणं.

शिवाय मतं एक नव्हतीच. ब्रिस्टलला उघड्यावर उपदेश करायला जॉनला १७३९ मध्ये बोलावलं ते जॉर्ज व्हिटफील्ड या मेथडिस्ट उपदेशकाने. पण कोणाचं तारण व्हायचं ते देवाने आधीच नेमलं आहे, असं व्हिटफील्ड मानी. वेस्लीच्या लेखी कृपा सर्वांसाठी खुली होती. यावरून दोघांचं फाटलं, तरी मेथडिस्ट दोघेही. वेल्समध्ये तर व्हिटफील्डच्या मताचे लोक 'कॅल्विनिस्टिक मेथडिस्ट' म्हणवत, कारण हे मत धर्मसुधारक कॅल्विनचं.

आपल्याकडे 'वारकरी' असाच आचरणावरून आलेला शब्द आहे. त्याला कोणी 'वारीवादी' म्हणत नाही.

मेथडिस्टांचा 'क्लास', म्हणजे अनुयायांचा छोटा गट, हाही आचरणातूनच निघाला. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट केले, माणशी आठवड्याला एक पेनी. पैसे गोळा करणारा घरोघरी जाऊ लागला, तेव्हा कोण कसं वागतंय तेही कळू लागलं. वसुलीची सोय आध्यात्मिक देखरेख होऊन बसली. म्हणून इथे 'वर्ग' लिहू नका, वाचकाला शाळा आठवेल. 'क्लास' असंच ठेवा.

तेव्हा 'मेथडिस्ट' हाच शब्द वापरा, मराठी ख्रिस्ती समाजातही तोच रुळलेला आहे. पहिल्या उल्लेखाला 'नेमाने वागणारे' एवढा खुलासा पुरे. 'नेमस्त' अर्थाला जवळचा खरा, पण तो गोखल्यांच्या राजकारणाने कधीच अडवून ठेवला आहे.